पटावरची दोन नावं

देवपूर, धुळे
२ जून २०२५

चि. सौ. नूतन हिला,

आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून दिले, असं समज.

आखाजीच्या सणाला माहेरी आले होते, त्याला महिना झाला. तुझे मांडे ताटात तसेच ठेवून मी संध्याकाळच्या एसटीने परत निघाले, तेव्हा तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस. वर फोनात माझा नंबर बंद करून टाकलास. का, तर म्हणे मी तुझं बोलणं रेकॉर्ड करून घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. टाकलं. 'शाळा म्हणजे पोरांचा कोंडवाडा' हे तूच बोललीस ना? मग चार माणसांनी ऐकलं तर बिघडलं कुठे? असो. आता कागदावर बोलू.

जितेंद्रकडून कळलं की तिन्ही पोरांची नावं तू जळगावच्या शाळेतून काढून घेतलीस आणि यंदा घरीच शिकवणार आहेस. भूपेंद्र आठवीत जायचा, भूमिका चौथीत, योगराज पहिलीत. तीन पोरं, तीन इयत्ता, आणि मास्तरीण एक. तू बी.एड. केलंस आणि लग्नाआधी दोन वर्षं शिकवलंस. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, त्यातली अकरा खैरपाड्याला मुख्याध्यापक म्हणून. जितेंद्र माझा धाकटा भाऊ आहे, आणि त्याला बायकोपुढे तोंड उघडता येत नाही म्हणून मला उघडावं लागतं.

भूमिका अडखळते हे मलाही माहीत आहे. अशा दहा पोरी माझ्या हाताखालून गेल्या. चार दिवस बाकावर उभं केलं असतं तर आपोआप बोलली असती. तू पदराखाली घेतलंस आणि मुकी करून ठेवलीस.

माझं सरळ म्हणणं आहे. शाळा सोळा तारखेला उघडते. दोन्ही लहानांना माझ्याकडे पाठव. मी रोज स्कूटीवर खैरपाड्याला जाते, त्यांना पुढे-मागे बसवून नेईन.

कामिनी


असोदा
९ जून २०२५

ती. कामिनी अक्का यांना,

नमस्कार. पाया पडणं आखाजीलाच उरकलं आहे.

तुमचं पाकीट माझ्या आधी आईंनी फोडलं. त्यांना वाचता येत नाही म्हणून भूपेंद्रकडून मोठ्याने वाचून घेतलं. 'मुकी करून ठेवलीस' हे वाक्य आलं तेव्हा भूमिका तिथेच शेंगा फोडत बसली होती. तुमचं काम झालं असेल, तर आता माझं ऐका.

बाकावर उभं करायचं म्हणता. उभंच करत होते. जळगावच्या त्या शाळेत सकाळी हजेरी व्हायची. भूमिकेचं नाव आलं की ती उभी राहायची आणि 'प्रेझेंट मिस'मधला पहिला शब्दच तिच्या ओठात अडकायचा. वर्ग हसायचा, मग कोरसात तिच्या वतीने ओरडायचा. बाईंना घाई. त्या पुढच्या नंबरवर जायच्या आणि हिच्यापुढे गैरहजेरी मांडायच्या. अकरा वाजता माझ्या फोनवर शाळेचा मेसेज यायचा, तुमची मुलगी आज आली नाही. पहिल्या दिवशी मी वेड्यासारखी रिक्षाने शाळेत गेले. पोरगी वर्गात, तिसऱ्या बाकावर बसलेली होती. असं सतरा वेळा झालं अक्का. अठराव्या वेळेपासून तिने उभं राहणंच सोडलं. मग घराबाहेर कुणाशीही बोलणं सोडलं. आठ महिने झाले.

म्हणून मी तिघांनाही काढलं. एकीलाच काढलं असतं तर तिला शिक्षा झाल्यासारखं वाटलं असतं. दाखले तुमच्या भावाने आणून कपाटात ठेवले आहेत, त्यामुळे परत पाठवायचा विचार करू नका.

आमचा आठवडा कसा चालतो तेही सांगते, म्हणजे ग्रुपवर टाकायला बरं. तुमच्या भावाच्या दुकानातल्या ठिबकच्या नळ्यांच्या दोन बंडलांवर एक लांब फळी टाकली आहे, तिथे तिघं बसतात. सोमवारी गोष्ट. तीच गोष्ट योगराज सांगतो, भूमिका लिहून काढते, भूपेंद्र तिच्यावर प्रश्न काढतो. मंगळवारी मधोमध केळीचा घड. धाकटा एका फणीतली केळी मोजतो, मधली त्याच घडावर अपूर्णांक करते, मोठा गुणोत्तर. बुधवारी सगळे शेतात. गुरुवारी मोठ्याने लहानाला शिकवायचं. आणि शुक्रवारी फक्त बोलायचं. ज्याची पाळी त्याने हवा तेवढा वेळ घ्यायचा, बाकीच्यांनी हात फळीवर ठेवून ऐकायचं. कुणी कुणाचं वाक्य पुरं करायचं नाही.

तुमच्या स्कूटीवर माझी पोरं बसणार नाहीत.

नूतन


देवपूर, धुळे
२० जून २०२५

चि. सौ. नूतन,

केळी मोजून पोरं हुशार होतात हे पहिल्यांदाच ऐकलं. तसं असतं तर अख्खं असोदा आज कलेक्टर असतं.

तीन इयत्ता एका फळीवर, याचं कौतुक मला सांगू नकोस. खैरपाड्याला आम्ही दोघी बाया चार इयत्ता चालवतो. एका फळ्याचे दोन भाग, दुसरीला पाढे देऊन चौथीकडे वळायचं, तोवर पहिलीतल्या कुणीतरी चड्डी ओली केलेली असते. तू जे नवीन शोधून काढलं म्हणतेस ते आम्ही नाइलाजाने तीस वर्षं करतो आहोत, आणि कुणी आमचा फोटो काढत नाही.

योगराजला भूमिकेशेजारी बसवतेस, हे चूक. पहिलीचं पोर चौथीच्या वहीत बघत राहतं आणि स्वतःचं अक्षर गिरवत नाही. त्याला टोकाला बसव, खिडकीकडे तोंड करून. हे फुकट सांगते आहे. पुढचं फुकट मिळणार नाही.

शाळा उघडून पाच दिवस झाले. पोरं अजून आली नाहीत. आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष तोताराम आप्पा रोज फाटकाशी उभे राहून विचारतात, "बाई, तुमना भाऊना पोरे कवय येतीन?" मी त्यांना शब्द देऊन बसले आहे. महिनाभर नको तर पंधरा दिवस पाठव. पंधरा दिवस नको तर आठ. शाळेचं तोंड बघितलं म्हणून कुणी मरत नाही.

आणि आई मला सांगते की घरात तू दुपारी दोन वाजता कपाळाला बाम लावून आडवी होतेस. अजून तर पहिलाच महिना आहे.

कामिनी


असोदा
७ जुलै २०२५

ती. अक्का,

बाम लावते. तीन पोरं शिकवून, सहा माणसांचा स्वयंपाक करून आणि तुमची पत्रं वाचून कुणाचंही डोकं दुखेल.

योगराजला खिडकीकडे तोंड करून बसवलं. दोन दिवस शेजाऱ्यांची म्हैस बघत होता, तिसऱ्या दिवशी गिरवायला लागला. सल्ला चांगला निघाला. हे लिहायला मला अजिबात आवडत नाही.

पण तुमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांना माझ्या पोरांची इतकी ओढ का, ते कळलं नाही. तुम्ही त्यांना शब्द दिलात, तो माझ्या पोरांवर कसा दिलात? तुम्हाला पोरांचं भलं नको आहे, तुम्हाला मला हरवायचं आहे. आठ दिवस पोरं तुमच्याकडे राहिली की तुम्ही गावभर सांगणार, बघा, शाळेत घातली आणि सुधारली.

भूमिकेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. मागच्या शुक्रवारी ती गोठ्यातल्या मांजरीबद्दल सहा मिनिटं बोलली. मी घड्याळ बघत होते. मांजरीने पिल्लं कुठे हलवली, एवढीच गोष्ट, पण शेवटपर्यंत नेली. आई म्हणाल्या, "पोरीले बोलू दे, कोनी घाई करू नका." तेवढ्यात शेजारच्या काकू ताक मागायला आल्या आणि तिचं तोंड मिटलं ते रात्रीपर्यंत. परक्या माणसासमोर अजून एक शब्द नाही. म्हणून तिला वेळ हवा आहे, आणि तो तुमच्या शाळेत मिळणार नाही.

तुम्ही चौतीस वर्षं गावोगावची पोरं घडवलीत. स्वतःचा प्रेमराज पुण्यात आहे आणि दिवाळीलासुद्धा येत नाही. माझी पोरगी किती बोलते हे मोजण्याआधी तुमचा मुलगा तुमच्याशी किती बोलतो ते मोजा.

नूतन


देवपूर, धुळे
१५ जुलै २०२५

नूतन,

प्रेमराजचं नाव काढलंस. ठीक आहे.

शनिवारी भूपेंद्रने आईच्या मोबाइलवरून मला फोन केला. पंचवीस मिनिटं बोलला. तेरा वर्षांचा पोरगा, त्याला कबड्डी खेळायला सात जण हवे आहेत आणि घरात आहेत तीन. म्हणाला, "आत्या, मी मास्तर झालो आहे, विद्यार्थी राहिलोच नाही. गुरुवारी मी यांना शिकवायचं, पण मला कोण शिकवणार?" त्याला बीजगणित अडलं आहे आणि तुलाही ते येत नाही, म्हणून तू तो धडा पुढे ढकलते आहेस. हे सगळं तुझ्या सात तारखेच्या पत्रात कुठे दिसलं नाही. मांजरीला सहा मिनिटं, मोठ्या मुलाला एक ओळ नाही.

लहान दोघांना पाठव. शेवटचं सांगते आहे.

कामिनी


असोदा
२८ जुलै २०२५

अक्का,

नमस्कार लिहिणार नाही.

भूपेंद्रचं खरं होतं. मागच्या सोमवारी तुमच्या भावाने त्याचा दाखला नेऊन त्याला जळगावला दुसऱ्या शाळेत घातलं. तो सायकलवर गेला तेव्हा वळून बघितलंसुद्धा नाही. मी हरले असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण आज त्यासाठी लिहीत नाही.

काल सकाळी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण आमच्या दारी आलं. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या प्रमिलाबाई, हातात मोबाइल, सोबत एक अंगणवाडीताई. मी मनात म्हटलं, कामिनी अक्कांनी पाठवलं. मी पोरांच्या वह्या आणल्या, आठवड्यांचं वेळापत्रक आणलं, भांडायच्या तयारीने दारात उभी राहिले. प्रमिलाबाईंनी दोघांचे आधार नंबर टाकले आणि हसल्या. म्हणाल्या, "ताई, एवढ्या कशाला घाबरल्या? तुमची पोरं शाळाबाह्य कुठे आहेत? दोघांची नावं पटावर आहेत, धुळे तालुका, खैरपाडे. काल-परवापर्यंतची हजेरी भरलेली दिसते."

भूमिका माझ्या मागे उभी होती. तिने मोबाइलमध्ये डोकावून स्वतःचं नाव वाचलं.

मी प्रमिलाबाईंना म्हटलं, हो, मामाकडे असतात, सुट्टीला आली आहेत. काय बोलले तेही मला कळलं नाही. तिकडे त्यांचा मामा नाही, आत्या आहे. त्या गेल्यावर कपाट उघडलं. लहान दोघांचे दाखले नव्हते. तुमच्या भावाला विचारलं तर आधी पाणी प्याले, मग म्हणाले, आखाजीला अक्काला दिले, तिची शाळा अडचणीत होती, आणि पोरांचं नावही कुठेतरी राहील, दोघींचं भलं होईल असं वाटलं. दोघींचं. त्या दिवसापासून ते दुकानातच जेवतात.

म्हणजे जळगावला माझी पोरगी वर्गात असून गैरहजर होती, आणि तुमच्याकडे नसून रोज हजर आहे. माझ्या पोरांच्या वाट्याची खिचडी तिथे कोण खातं? आणि तुम्ही मला शिकवता शाळा म्हणजे काय. आठ दिवसांत दोघांची नावं काढा. नाही काढलीत तर मी वरच्या ऑफिसला लिहीन, आणि तुमची ही सगळी पत्रं सोबत जोडीन.

नूतन


देवपूर, धुळे
४ ऑगस्ट २०२५

नूतन,

लिहायचं तर लिही. पण आधी पूर्ण वाच.

सर्वेक्षण मी पाठवलं नव्हतं. मला ते तुझ्या दारी यायलाच नको होतं, हे एव्हाना तुला समजलं असेल.

खैरपाड्याच्या शाळेत यंदा पट आला अठरा. वीसच्या खाली गेला की शाळा बंद करून पोरं मोठ्या शाळेत पाठवायची, असं वरून तोंडी सांगून झालं आहे. मोठी शाळा पाच किलोमीटरवर, मध्ये नाला. पावसाळ्यात दोन महिने तिथून माणूस जात नाही, सहा वर्षांचं पोर काय जाणार? मोठी पोरं जातील, पोरी घरी बसतील. मी हे दुसऱ्या गावात झालेलं पाहिलं आहे. तोताराम आप्पा आखाजीच्या आदल्या दिवशी माझ्या घरी आले आणि ओट्यावरच बसून राहिले. म्हणाले, "बाई, शाळा गयी ते आमना पोरेसनं काय व्हई?" दुसऱ्या दिवशी जितेंद्रकडे दाखले मागितले. दोनच नावं कमी पडत होती आणि तुझ्या घरी दोन नावं रिकामी पडली होती.

रोज त्यांच्यापुढे हजेरी मी स्वतः मांडते. खिचडी कुणी खात नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. दुसरीतला एक पोरगा दोनदा मागतो. त्याला मिळते.

आता ऐक. वीस तारखेला पटपडताळणी आहे. साहेब येऊन एकेक पोर उभं करून मोजणार. त्या दिवशी भूमिका आणि योगराज तिथे हवे आहेत. एक दिवस. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी दोघांची नावं काढेन, तोवर दोन पोरं मिळवायचं बघते, वीटभट्टीवर काही कुटुंबं येतात.

तू लिहिलंस तर मी जाईन, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती जाईल, शाळाही जाईल. पण त्याच दिवशी तुझी पोरं शाळाबाह्य ठरतील आणि प्रमिलाबाई हसत येणार नाहीत. भूमिकेला हाताला धरून वर्गात बसवतील, पुन्हा हजेरीला उभं करतील. माझ्या पटावर तिचं नाव आहे म्हणूनच ती तुझ्या फळीवर बसली आहे. तुला ते आवडो न आवडो.

विनंती करत नाही. तारीख कळवते आहे.

कामिनी


असोदा
११ ऑगस्ट २०२५

अक्का,

चार दिवस मी हे पत्र लिहीत आणि फाडत होते. चोराने घरधन्यालाच धमकी द्यावी, तसं तुमचं पत्र आहे. पण एक वाक्य खरं आहे. भूमिकेला पुन्हा कुणी हजेरीला उभं करू नये, यासाठी मी काहीही करेन. तुमच्यासाठी किंवा खैरपाड्यासाठी नाही.

वीस तारखेला तुमचे भाऊ दोघांना मोटारसायकलवर घेऊन येतील. मी येणार नाही. तुमचं तोंड बघायची माझी इच्छा नाही.

मी पोरांना खोटं बोलायला शिकवलेलं नाही आणि शिकवणार नाही. तरी तुम्ही घाबरू नका. योगराजला तुमच्या शाळेतला झोका दिवाळीपासून आठवतो. त्याला विचारलं की तू इथे येतोस का, तर तो हो म्हणेल, पुढे काही विचारायची गरज पडणार नाही. आणि भूमिका परक्यांसमोर तोंड उघडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. नाव आलं की उभी राहील. बाकीचं तुम्ही बोला. तिच्या अडखळण्याचा एक दिवस तरी उपयोग होऊ द्या.

दिवाळीनंतर नावं निघाली नाहीत तर मात्र मी थांबणार नाही.

नूतन


देवपूर, धुळे
२३ ऑगस्ट २०२५

नूतन,

जितेंद्र फाट्यावर चहाच्या टपरीत बसून होता, त्यामुळे त्याने तुला 'झालं' एवढंच सांगितलं असेल. काय झालं ते मी सांगते.

साहेब साडेअकराला आले. सगळी पोरं एका वर्गात बसवली. हजेरीपत्रक त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. योगराजचं नाव आलं, तो उड्या मारत उठला, हजर म्हणाला, साहेबांनी गाल धरला. मग चौथी. भूमिका जितेंद्र. ती उभी राहिली. मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, "हजर आहे साहेब, जरा कमी बोलते." साहेबांनी टिंब द्यायला पेन टेकवलं.

तेव्हा ती म्हणाली, "थ-थांबा, आत्या."

मी तिचा आवाज वर्षभराने ऐकला. मी डोळे वटारले. माझ्या डोळ्यांना गावातली बाप्येमाणसं भितात. ती माझ्याकडे बघतच नव्हती, साहेबांच्या हातातल्या पत्रकाकडे बघत होती. तिचा पहिला शब्द अडकला. मला वाटलं, सुटलो. पण ती सोडेना. मान वर करून, मुठी आवळून, पुन्हा पुन्हा त्याच अक्षरावर येत राहिली. वर्गात अठरा पोरं, एकही हसलं नाही. मी त्यांना कधी कुणावर हसू दिलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. साहेबही थांबले. शेवटी ती म्हणाली, "मी रोज नसते. मी घरी शिकते. आजच आले. मी नसताना ह-हजर लिहू नका. आणि असताना गैरहजर लिहू नका." एवढं बोलायला तिला तीन मिनिटं लागली असतील. मग खाली बसली आणि पाण्याची बाटली उघडून पाणी प्याली.

साहेबांनी मागची पानं चाळली. सगळ्या पानांवर माझी सही होती.

मला नोटीस मिळाली आहे. पट अठराच धरला आहे. तोताराम आप्पा दोन दिवसांत शाळेकडे फिरकले नाहीत, माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे तरी काय उरलं आहे? नाल्यापलीकडच्या शाळेत पोरं कधी पाठवायची याचं पत्र येईल तेव्हा येईल.

तुझं शिकवणं चांगलं आहे. मी शिक्षक आहे, मला ते दिसतं, आणि जे दिसलं ते लिहिते. माझ्या दहा पोरी बाकावर उभं राहून बोलत्या झाल्या असं मी तुला लिहिलं होतं. त्यांतली एकही अशी बोलली नव्हती.

आता उरलेलं ऐक. निघताना ती माझ्याजवळ आली आणि विचारलं, आत्या रागावलात का? मला तिला मारावंसं वाटलं. मारलं नाही. माझ्या पर्समध्ये तुझं अकरा तारखेचं पत्र होतं. ते काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, माझ्या रागाचं सोड, तुझ्या आईने तुला इथे काय म्हणून पाठवलं ते वाच. ओट्यावर बसून तिने ते दोनदा वाचलं. कुठे अडली नाही. वाचनही तूच पक्कं केलं आहेस.

मी वाईट केलं हे मला कळतं. तुलाही तुझं कळायला हवं.

यापुढे पत्र पाठवू नकोस.

कामिनी


असोदा
३ सप्टेंबर २०२५

अक्का,

तुम्ही नको म्हणालात तरी हे एक पाठवते आहे. नंतर नाही.

तुम्ही ते पत्र नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात दिलंत, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुमची शाळा गेली याचं वाईट वाटायला हवं, त्या अठरा पोरांसाठी वाटतंही. तुमच्यासाठी नाही.

पण पत्रातलं अक्षर माझंच होतं, त्याला तुम्ही काय करणार.

त्या दिवशी ती घरी आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुतले आणि मला एकच विचारलं. "मी बोलणार नाही, म्हणूनच पाठवलंस ना?" वाक्याला वेळ लागला. मी मध्ये बोलले नाही. पुरं झाल्यावर ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि मी म्हटलं, आधी जेवून घे.

गेल्या आठवड्यात प्रमिलाबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत, ते तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मी वह्या घेऊन आले, पण त्याआधीच भूमिका ओट्यावर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली होती. म्हणाली, मी सोमवारपासून तुमच्या शाळेत येते, पण माझ्या हजेरीला थांबावं लागेल. प्रमिलाबाई म्हणाल्या, थांबेन. परवापासून ती जाते. तिचं नाव शेवटी घेतात आणि ती म्हणेपर्यंत थांबतात, असं त्यांनीच मला सांगितलं. फळीवर आता योगराज एकटा बसतो आणि भूमिका केव्हा येणार म्हणून विचारतो.

ती आजींशी बोलते. भावांशी बोलते. ताक मागायला आलेल्या काकूंशी परवा मांजरीबद्दल बोलत होती, मी आतून ऐकलं. फक्त माझ्याशी बोलत नाही. आज चौदा दिवस झाले.

नूतन